दुसऱ्याने उतरण्याआधी

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातील वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे करत सहा जण उतरले. पाच दगावले. वाचला तो एकच, ज्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

पट्टीचा पोहणारा मिनिटभर श्वास रोखून धरतो. मग अशा विहिरीत धडधाकट माणूस हाकही न मारता का कोसळतो? कारण श्वास रोखला तरी फुप्फुसांत उरलेल्या हवेतून रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या हवेत मात्र प्रत्येक श्वास उलटे काम करतो. रक्तातला ऑक्सिजनच बाहेर काढून नेतो. असे रक्त मेंदूत पोहोचले की काही सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के, आणि शिल्लक काहीच ठेवत नाही.

गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. त्यामुळे शरीर वेळेवर सावध करीलच असे नाही. त्यात स्लरीमधला हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते, वायू गेला.

बेशुद्ध पडल्यावर हातपाय झटकतात, घोरल्यासारखे तुटक श्वास येतात. हृदय काही मिनिटे चालूच असते. काठावरच्या भावाला हे दिसते आणि तो उडी टाकतो. त्याची हिंमत मी कमी लेखत नाही. पण त्यालाही पहिल्याइतकेच सेकंद मिळतात. मेंदूच्या पेशी साधारण चार-पाच मिनिटांनी मरू लागतात, आणि तो वेळ दुसऱ्या-तिसऱ्याला बाहेर काढण्यात जातो.

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळा आला की विहिरींचा गाळ काढणे सुरू होते. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. ज्योत विझली तर उतरू नयेच. पण जळत राहिली म्हणून हवा चांगली ठरत नाही, विषारी वायू तिला कळत नाही. गोबरगॅसच्या खड्ड्यात तर भडकाच उडेल. गाळाचा ठेका देताना शेतकऱ्याने वायू मोजायचे यंत्र मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लरीच्या खड्ड्यात कुणी पडला तर १०१ आणि १०८ ला फोन करा, खाली उतरू नका. दोर नंतर टाकून उपयोग नसतो. बेशुद्ध माणूस तो धरणार कसा? उतरण्याआधीच तो कमरेला हवा, आणि दुसरे टोक वर दोघांच्या हातात.