शंकेला दार बंद करणारी मंडळी

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे फार थोडी आहेत. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 77 हजारांच्या पुढे होती. तीत हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम यांच्यानंतर ख्रिस्ती समाजाचा आकडा अगदी शेवटाकडे सापडतो. पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या ख्रिस्ती माणसामागे तीन-चार पिढ्यांची मंडळी असते, मिशनची शाळा असते, नात्यात एखादा पाळक असतो. कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या खेड्यात जो आपल्या घराण्यात पहिल्यांदाच ख्रिस्ताकडे वळला, त्याच्यामागे यातले काहीच नसते. भावकी हिंदू किंवा बौद्ध, गल्ली तीच, शेताचा बांध तोच. रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जमणारी मोजकी माणसे, एवढाच त्याचा ख्रिस्ती समाज.

अशा माणसाच्या मनात एखाद्या रात्री शंका उभी राहते. आपली प्रार्थना कोणी ऐकतो का? ऐकत असेल तर पोर का गेले? सोयाबीन काढणीला आले असताना पाऊस का झोडपून गेला? ही शंका त्याने सांगायची कुणाला? भावकीत बोलला तर ‘आम्ही आधीच म्हणत होतो’ हे ऐकावे लागते. मंडळीत बोलला तर ‘हे सैतानाचे काम, उपवास धर’ असे उत्तर मिळते. दोन्ही दारे बंद झाली की तो गप्प बसतो. सभेला येत राहतो, टाळ्याही वाजवतो, आणि आतून रिकामा होत जातो. मग एक दिवस येणे थांबते. कारण कुणालाच कळत नाही, कारण ते त्याला बोलूच दिलेले नसते.

मराठवाड्यातल्या लहान मंडळ्यांपुढचा खरा धोका हा आहे, असे मला वाटते. बाहेरच्या विरोधाबद्दल आपण पुष्कळ बोलतो आणि तो विरोध खराही आहे. पण विरोधाने मंडळी सहसा संपत नाही. दाबून ठेवलेल्या प्रश्नांनी ती संपते, आणि तीही आवाज न करता.

शंका इतकी भयंकर का वाटते, हे आधी पाहिले पाहिजे. बऱ्याच प्रार्थनासभांमध्ये श्रद्धेची उभारणीच सौद्यावर झालेली असते. आजार बरा झाला, दारू सुटली, अडलेले लग्न जमले, अशा साक्षी दर आठवड्याला होतात. त्या खोट्या असतात असे मी म्हणत नाही. दारू सुटलेल्या घरातल्या बाईच्या चेहऱ्यावरचे समाधान मी खरेच मानतो. पण ज्याचा आजार बरा झाला नाही, त्याला साक्ष द्यायला कधीच उभे केले जात नाही. मग ऐकणाऱ्याच्या मनात एक हिशेब पक्का बसतो: विश्वास पुरेसा असेल तर काम होते, आणि काम झाले नाही तर विश्वास कमी पडला. या हिशेबात प्रश्न विचारणारा माणूस आपोआप गुन्हेगार ठरतो. आधीच दुःखात असलेल्याच्या माथी आपण वर दोषही मारतो.

या हिशेबाचा शेवट काय होतो, हे पंडिता रमाबाईंइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. शास्त्रात सांगितले तसे दान, उपवास, तीर्थयात्रा सारे त्या कुटुंबाने केले. जवळचा पैसा देवापुढे आणि ब्राह्मणांना देऊन संपवला. मग 1870च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. सांगितलेले सगळे करूनही देव धावून आला नाही. रमाबाईंची पहिली मोठी शंका पुस्तकातून आलेली नव्हती, ती उपासमारीतून आली होती. आज कुणी पाळक ‘दशांश दे, उपवास कर, तुझे घर भरून जाईल’ असे सांगतो, तेव्हा तो नाव ख्रिस्ताचे घेत असला तरी माणसाला त्याच वाटेने नेत असतो. शेवटी तीच निराशा पदरी येते.

रमाबाईंचा पुढचा प्रवास तर प्रत्येक पाळकाने अभ्यासायला हवा. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. गोष्ट तिथे संपली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मान्य करायचे, हेही त्यांना पटेना. त्यांच्या आध्यात्मिक आई समजल्या जाणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. त्या पत्रांत माया आहे आणि तितकीच खडाजंगीही आहे. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटे; शिष्येने नम्रपणे स्वीकारावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्याच वेळी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांची भूमिका वेगळी होती. या बाईची बुद्धी स्वतंत्र आहे, तिला वाचू द्या, विचारू द्या, घाई करू नका, असा त्यांचा कल होता.

बील यांचा कल योग्य होता, हे पुढच्या वर्षांनी दाखवले. रमाबाईंनी स्वतःच नंतर आपल्या साक्षीत लिहिले आहे, की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी मिळाला आणि ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी, 1890च्या दशकाच्या सुरुवातीला भेटला. मधला काळ त्या श्रद्धाहीन नव्हत्या, शोधत होत्या. त्या काळातच त्यांनी 1889 साली विधवांसाठी शारदा सदन उघडले. त्यांना वाटेतच ‘मान्य करा नाहीतर बाहेर पडा’ असे सांगून कायमचे तोडले असते, तर केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले नसते. हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले त्यांचे मराठी बायबलही झाले नसते; 1922 साली मरणाच्या दारात असेपर्यंत त्या त्याच कामाला लागलेल्या होत्या.

रमाबाईंना विचारांत आधार देणाऱ्यांपैकी एक होते नीलकंठ, म्हणजे नेहेम्या गोरे. 1848 साली ख्रिस्ती झालेला हा शास्त्री षड्दर्शनांचा जाणकार होता आणि ख्रिस्ती धर्माच्या बाजूने वाद करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी गोऱ्यांची पाठ सोडली नाही. दुसऱ्यांना खात्री देणारा हा माणूस स्वतः आयुष्यभर झुंजत राहिला, आणि त्याने ते लपवले नाही. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या वर्षांत सोवळे-ओवळे, जात, माहेर, नवरा असा सगळा गुंता त्यांनी एकेक धागा पकडून सोडवला.

खुद्द पवित्र शास्त्रात शंकेखोरांना जागा आहे, आणि ती कोपऱ्यातली नाही. थोमा येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्याला बाहेर काढले नाही, जखमा दाखवल्या. ज्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूची ओळख जगाला करून दिली, त्यानेच तुरुंगातून निरोप धाडून विचारले, की येणारा तो तूच का. येशूने त्याचा राग धरला नाही. उलट निरोपे गेल्यावर लोकांपुढे योहानाचा गौरव केला. ईयोबाच्या पुस्तकात तर देव शेवटी रागावतो तो ईयोबाच्या मित्रांवर, ‘तुझ्याच पापामुळे हे झाले’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर. प्रश्न विचारून विचारून थकलेला ईयोब देवाविषयी बरोबर बोलला, असा निवाडा तिथे आहे. आपल्या सभांमध्ये या मित्रांचेच प्रवचन वारंवार ऐकू येते, याची मला भीती वाटते.

आणि हिंगोली जिल्ह्याला हे परके का वाटावे? नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात नामदेवांना कच्चे मडके ठरवले आणि मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा इथे लहान मूलही ऐकत वाढते. विठ्ठलाशी बोलणारा भक्तसुद्धा अजून पक्का झालेला नाही, त्याला आणखी शिकायचे आहे, हे त्या परंपरेने उघडपणे सांगितले, आणि नामदेवांचा मान त्यामुळे कमी झाला नाही. नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हिंगोलीच्या ख्रिस्ती माणसानेही नर्सी आणि औंढा आपले मानायला काही हरकत नाही.

आता ज्या इशाऱ्यासाठी हे लिहायला घेतले, त्याकडे येतो. शंका दाबण्याची सवय नुसती मनाचे नुकसान करत नाही, ती जीवही घेऊ शकते. ‘औषध घेणे म्हणजे अविश्वास’ असे एकदा मंडळीत रुजले, की साप चावलेला माणूस दवाखान्याऐवजी प्रार्थनेला आणला जातो. क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटतात, फिट येणाऱ्या मुलीचे औषध बंद होते. शेतात राबणाऱ्यांच्या या जिल्ह्यात सर्पदंशानंतरचा एकेक तास मोलाचा असतो, हे वेगळे सांगायला नको. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणे हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. पण कायद्याच्या आधी आपला स्वतःचा इतिहास आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1890च्या दशकात मिरजेला रुग्णालय उभारले ते ख्रिस्ताच्याच नावाने. शेजारच्या वाशिममध्ये नाझरीन मिशनने रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल चालवले आणि परिचारिका शिकवून तयार केल्या. त्या लोकांचा प्रार्थनेवर विश्वास कमी नव्हता. रुग्णासाठी गुडघे टेकत आणि मग शस्त्रक्रियेला उभे राहत. त्यांचा वारसा सांगणाऱ्याला गोळ्या फेकून द्या असे म्हणण्याचा अधिकार नाही.

दुसरी एक शंका आहे, जिच्याबद्दल बोलायला पाळक सर्वात जास्त कचरतात. ती जातीची. हिंगोलीत बौद्ध समाज मोठा आहे, आणि अनेक ख्रिस्ती तरुणांचे सख्खे चुलत-मावस भाऊ बौद्ध आहेत. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली ती 1956 साली. मधली 21 वर्षे त्यांनी धर्म तपासण्यात घालवली. 1938च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर दाखवला आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध लढत नाही हेही स्पष्ट सुनावले. आज बौद्ध भाऊ विचारतो, ‘तुमच्या मंडळीत जात गेली का? लग्ने कशी जुळवता?’ हा प्रश्न सैतानाकडून आलेला नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर वचन म्हणून दाखवून मिळत नाही, वागून द्यावे लागते.

याला जोडूनच कागदाचा प्रश्न येतो. 1950च्या अनुसूचित जाती आदेशाने दलितांपैकी हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना अनुसूचित जातीची सवलत मिळते. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. मला हा आदेश अन्याय्य वाटतो. देव बदलल्याने शेजाऱ्याच्या मनातली जात बदलत नाही. पण त्यामुळे अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असे दुहेरी जगणे सुरू होते. मुलाला ते कळते. ‘आपण जे मानतो ते लपवायचे का?’ असे ते विचारते, आणि घरात कुणी सरळ उत्तर देत नाही. हीच मुले पुढे स्पर्धा परीक्षेला किंवा नोकरीला पुण्या-संभाजीनगरला जातात. तिथे मोबाइलवर एकीकडे धर्माची टर उडवणारे व्हिडिओ आणि दुसरीकडे स्टेजवर चमत्काराचा दावा करणारे प्रचारक. घरी ज्याला एकाही प्रश्नाचे शांत उत्तर मिळाले नाही, तो या दोघांपैकी एकाच्या हाती सापडतो. दोन्ही गोष्टी वाईटच.

मग उपाय काय? श्रद्धा बळकट होते ती संपूर्ण शास्त्र वाचण्याने, फक्त आशीर्वादाची वचने पाठ करण्याने नाही. विलापाची स्तोत्रे सभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजेत, म्हणजे दुःखातल्या माणसाला आपली भाषा शास्त्रातच सापडेल. मदर तेरेसांची खासगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले, की देव दूर गेल्याची जाणीव त्यांना कित्येक दशके छळत होती. तरीही त्या रोज पहाटे उठून रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाकडे जात राहिल्या. मनात उजेड नसताना हात कामाला लागलेले असणे, हेही श्रद्धेचेच रूप आहे. आणि पाळकाने ‘मला माहीत नाही’ असे म्हणायला शिकले पाहिजे. हे शब्द ऐकलेला तरुण पाळकाच्या इतर शब्दांवर अधिक भरवसा ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

हिंगोली, वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव इथल्या पाळकांना आणि घरी सभा घेणाऱ्या भावाबहिणींना माझी विनंती आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा, आणि त्या अर्ध्या तासात कुणालाही विश्वास कमी पडला असे म्हणू नका. ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही त्यालाही साक्ष देऊ द्या. आणि सभेत कुणी आजारी असेल, तर हात ठेवून प्रार्थना करा आणि त्याच दिवशी त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात जा.