आता अजून काय हवंय?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. पावसाळ्यात आमच्या कुरवंड्याला वीज आणि नेट दोन्ही पाहुण्यासारखी येतात. त्यामुळे राग आला तरी लिहीपर्यंत तो निवून जातो. हा मात्र निवला नाही.

परवा रविवारी लोणावळ्याच्या बाजारात गेले होते. चिक्कीच्या दुकानात ही गर्दी! माझ्यापुढे एक तरुण जोडपं आणि त्यांचा चारेक वर्षांचा मुलगा. "बाबा, ती घ्या ना!" बाबा फोनवर. न बघताच त्यांनी बोट दाखवलं, दुकानदाराने शेंगदाण्याची दिली. "ती नाही, ती!" मग तिळाची आली, मग काजूची, मग खोबऱ्याची. आईच्या हातातली पिशवी भरली आणि मुलाचं रडणं वाढतच गेलं. शेवटी त्याने एक पुडा जमिनीवर फेकला. बाबांनी फोन खाली केला आणि ओरडले, "आता अजून काय हवंय तुला?" मागून एक बाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलंय. एक ठेवून द्या, गप्प बसेल."

गंमत म्हणजे बाबा ओरडायला का होईना, पण त्याच्याकडे वळले, तेव्हा तो क्षणभर गप्प झाला होता. ते कोणी पाहिलं नाही. बाबांनी पुन्हा फोन कानाला लावला आणि गाडी मूळपदावर आली.

माझं भांडण बाबांशी आहे आणि त्या बाईंशीही आहे. एकाला वाटतं मागेल ते दिलं की झालं, दुसऱ्याला वाटतं हट्ट मोडला की झालं. मूल काय मागतंय हे दोघांनीही ऐकलेलं नाही.

माझी एक भाची मानसशास्त्र शिकवते. तिच्याकडून मी जाक लाकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकाबद्दल (१९०१ ते १९८१) समजून घेतलं. ते पुस्तक माझ्या मराठी माध्यमाच्या बी.ए.ला काही झेपेना, तेव्हा तिने चार रविवार समोर बसून समजावलं. समजण्यात काही चुकलं असेल तर ते माझं.

मूळ फ्रॉइडचं. १८९५ साली लिहिलेल्या, पण त्याच्या हयातीत न छापलेल्या एका टिपणात तो म्हणतो की माणसाचं पोर जन्मतः असहाय असतं. भूक लागली तरी स्वतः काही करू शकत नाही, फक्त रडतं. त्या रडण्याला कोणीतरी धावून येतं म्हणून रडणं हेच सांगणं होऊन बसतं. लाकाँ इथून पुढे जातो. पोट भरणं ही गरज. पण ती दुसऱ्याला सांगावी लागते, त्याच्याच भाषेत, तो येईल या भरवशावर. सांगितली की तिचं मागणं होतं. आणि प्रत्येक मागण्याच्या पोटात दुसरं एक मागणं असतं: तू ये, तू आहेस ना, मी तुला हवा आहे ना. दुधाने पहिलं भागतं. दुसरं दुधाने भागत नाही.

१९५८ साली म्युनिकमधल्या एका व्याख्यानात लाकाँने याची चक्क वजाबाकी मांडली. प्रेमाच्या मागण्यातून गरजेची भूक वजा केली की जी बाकी उरते, ती इच्छा. जन्मभर फळ्यावर वजाबाक्या करून घेतल्या, पण अशी बाकी कधी उरली नव्हती.

शब्दाबद्दल थोडं सांगते, कारण शाळेतली खोड जात नाही. लाकाँचा फ्रेंच शब्द साध्या मागण्याचा, विचारण्याचा आहे. इंग्रजीत तो 'डिमांड' झाला आणि त्याला दरडावणीचा सूर आला. मराठीत कोणी 'मागणी' म्हणेल तर पुरवठाही आठवेल. मला 'मागणं' बरं वाटतं. आपण देवाकडे मागणं मागतो आणि त्याने ते पुरवलं नाही तरी पुढच्या एकादशीला परत जातो.

मागणं आणि खंडणी यांत फरक आहे. आमच्या कुरवंड्याच्या घाटाने १६६१ साली करतलब खान फौज घेऊन कोकणात उतरला आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडला. त्याने खंडणी भरली, वाट मिळाली, विषय संपला. खंडणी फेडता येते. त्या दुकानातल्या बाबांनी पोराचं मागणं खंडणीसारखं फेडायला घेतलं होतं, म्हणून ते फिटेना.

कोणी म्हणेल, ही परदेशी खुळं आपल्याला कशाला? तर 'श्यामची आई' काढून बघा. सानेगुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तेव्हा त्यांच्यापुढे कुठला लाकाँ नव्हता. आंघोळ झाल्यावर लहानगा श्याम हटून बसतो की ओल्या पायांना माती लागेल, मी खाली पाय ठेवणार नाही, तू धोंडीवर ओचे पसर. पाय पुसून घेऊनही भागलं असतं. त्याला आईचे ओचे हवे होते. आईने ते पसरले, हट्टी मेला म्हणून धपाटा घातला नाही आणि नंतर मनाच्या मळाची गोष्ट सांगितली. आधी पसरले, म्हणून नंतरचं त्याने जन्मभर लक्षात ठेवलं.

आता माझ्या पापाचा पाढा. चौथीच्या वर्गात एक मुलगा दर दहा मिनिटांनी टेबलाशी यायचा, "बाई, पेन्सिल मोडली." टोक तो मुद्दाम मोडतो हे मला कळत होतं. एके दिवशी मी पेन्सिलींची अख्खी पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही घे, आता उठायचं नाही." तो पुन्हा उठला नाही. त्यानंतर वर्गात त्याने हातही वर केला नाही. त्या वर्षी त्याची आई घर सोडून माहेरी गेली होती, हे मला मे महिन्यात कळलं. मी दहा पेन्सिली देऊन एका मुलाचं तोंड बंद केलं होतं. वर मुख्याध्यापकांना सांगितलं, शिस्त लागली!

पण सगळं पुरवा, असं मी म्हणत नाही आणि लाकाँही म्हणत नाही. त्याचं निरीक्षण असं की ज्या मुलाला अतिप्रेमाने भरवलं जातं, तेच कधीकधी घास नाकारतं, कारण त्याच्या इच्छेला जागाच उरलेली नसते. मागण्याआधीच तोंडात घास कोंबणं हेही न ऐकणंच आहे. बाकी उरू द्यावी लागते. मात्र नाही म्हणताना तोंड मुलाकडे हवं.

हे मला माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षांपूर्वी शिकवलं. मला डोहाळे लागले ते करवंदांचे, आणि महिना पौष! डोंगरची मैना उतरणार उन्हाळ्यात. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला दौहृदिनी म्हटलं आहे, म्हणजे दोन हृदयांची, आणि 'डोहाळे' त्याच घराण्यातला शब्द. सासूबाईंना संस्कृत येत नव्हतं. त्या रोज संध्याकाळी चुलीपाशी विचारायच्या, "आज काय खावंसं वाटतंय गं?" मी रोज म्हणायचे, करवंदं. "येतील हो चैत्र-वैशाखात," म्हणायच्या आणि माझ्याबरोबर नागफणीच्या उतारावर कुठली जाळी गोड, कुठली आंबट याच्या गप्पा मारायच्या. करवंद एकही मिळालं नाही. पण त्या महिन्यात मला काही कमी पडलं, असं मला आजही आठवत नाही.

आणि आता हेच 'काय हवं' आमच्या घरात कसं विचारलं जातं बघा. नातेवाईक मंडळी, हे तुमच्यासाठी आहे, तेव्हा मधेच वाचणं सोडू नका. :) "काय हवं ते सांग, लगेच मागवतो." मी गुडघ्याचा पट्टा सांगितला, तिसऱ्या दिवशी दारात. बीपी मोजायचं यंत्र, तेही आलं. मग गरम पाण्याची पिशवी, मग दुसरा पट्टा, कारण पहिला म्हणे सैल होता. दर वेळी फोनवर मोजून दोन मिनिटं, त्यातलं एक मापाचं. मागच्या आठवड्यात धाकटा हसत म्हणाला, "आई, अगं आता अजून काय हवंय?"

चिक्कीच्या दुकानात मला राग का आला, ते घरी येताना रिक्षात कळलं.

वेळ नाही म्हणता, ते खरंच असेल. पण लाकाँच म्हणतो की प्रेम म्हणजे आपल्याजवळ जे नाही ते देणं. पैसे आहेत म्हणून तुम्ही पैसे देता. वेळ नाही, तर मग तोच द्या.

चूक माझीही आहे. पट्टा सैल नव्हता. पेन्सिलीचं टोक मीही मोडतच होते. तेव्हा मंडळी, यापुढे मी पट्टे मागणार नाही, सरळ सांगते: रविवारी संध्याकाळी फोन करा, आणि गुडघ्याचं विचारू नका. करवंदांचं विचारा. यंदा वरच्या जाळीला किती आली होती, ते सांगायचं राहिलं आहे.