बायोडेटातला एक रकाना

मागच्या माघात पुतणीच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. बायोडेटा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. नाव, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, उंची, शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग, नोकरी कोल्हापुरात, असं भराभर लिहीत गेलो. मग 'वर्ण' हा रकाना आला. मुलगी सावळी आहे, थेट माझ्या आईसारखी. मी क्षणभर थांबलो आणि 'गव्हाळ' असं लिहून मोकळा झालो. संध्याकाळी तिने ते फोनवर वाचलं आणि विचारलं, "काका, मी गव्हाळ कधी झाले?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्रपाळी करून दुसऱ्यांची आजारपणं काढणारी ही मुलगी. तिच्या रंगात लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे तिला तिच्याच घराने लेखी कळवलं होतं आणि लिहिणारा हात माझा होता.

आमच्या राजापूर तालुक्यात मुलीचं वर्णन करायची एक ठरलेली रीत आहे. "रंगाने जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे." "सावळी आहे, पण तरतरीत आहे." त्या 'पण'च्या अलीकडे मुलीचा दोष सांगितलेला असतो आणि पलीकडे त्याची भरपाई. याची सुरुवात जन्माआधीच होते. गरोदर सुनेला शहाळ्याचं पाणी आणि केशर घातलेलं दूध देतात, त्यात मूल उजळ व्हावं ही आशा असते. बाळ बघायला आलेली शेजारीण आधी कानाची पाळी न्याहाळते, कारण त्यावरून पुढचा रंग कळतो अशी समजूत आहे. पुढे तीच मुलगी काजू वेचायला निघाली की आजी ओरडते, "उन्हात फिरू नको, काळवंडशील." तिच्या भावाला हे कुणी सांगत नाही.

हा रोग गोऱ्या साहेबाने आणला असं म्हणून आपण सुटू बघतो. साहेबाने त्यात भर घातली हे खरं. पण शेताच्या बांधावर छत्री धरून उभा राहणारा आणि चिखलात वाकून लावणी करणारा यांच्या कातडीत फरक पडतो, तो साहेब येण्याआधीही पडत होता. ज्याला उन्हात राबावं लागत नाही तो वरचा, रापलेला तो खालचा, हा हिशोब जातीच्या उतरंडीशी घट्ट बांधलेला आहे. म्हणूनच 'गोरीगोमटी' म्हटलं की मनात आपोआप 'चांगल्या घरातली' असं उमटतं.

आणि इतिहासाचीच साक्ष काढायची तर राजापूरकरांनी नीट काढावी. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा पडला, तेव्हा आमच्या गावच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन सिद्दी जोहरच्या मदतीला गेले. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापूरवर येऊन त्या इंग्रजांना कैद केलं. वेढा घालणारा जोहर हबशी आणि त्याला तोफा पुरवणारे गोरे. महाराजांनी दोघांनाही शत्रू म्हणूनच मोजलं. त्याआधी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं, तिथे नहरींनी पाणी खेळवलं आणि जमीन महसुलाची घडी बसवली. त्या काळी गुलामगिरी होती, क्रौर्य होतं, तरी अंबरच्या हाताखाली लढताना मराठा सरदारांना त्याचा रंग आड आला नाही. चारशे वर्षांनंतर आपण पुढे जायला हवं होतं.

परदेशात आपल्या माणसाला रंगावरून कुणी बोललं की मात्र आपलं रक्त तापतं, आणि ते तापलंच पाहिजे. जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या मैदानावर मोहम्मद सिराजला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, खेळ थांबवावा लागला. आमच्या नाक्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण 17 ऑक्टोबर 2007 ला वानखेडे स्टेडियमवर काय झालं, ते त्या नाक्यावर कुणाला आठवलं नाही. ऑस्ट्रेलियाकडून खेळणाऱ्या, वेस्ट इंडीज वंशाच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून आपल्याच मुंबईतल्या प्रेक्षकांनी माकडासारखे आवाज काढले, हावभाव केले. सहाच दिवस आधी बडोद्यातही तेच झालं होतं. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हैदराबादच्या संघातून आयपीएल खेळायचा, तेव्हा त्याला 'काळू' म्हणत. या शब्दाचा अर्थ तगडा घोडा असा काहीतरी असावा, असं तो समजत होता. खरा अर्थ त्याला 2020 मध्ये कळला आणि तो दुखावला. आपल्याकडे अनेकांनी उत्तर दिलं की आम्ही प्रेमाने म्हणतो. प्रेमाने म्हणतो, पण त्याला अर्थ सांगत नाही. हाही एक 'पण'च.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. दिवाळी झाली की आमच्या भागात नेपाळहून माणसं येतात. आंब्याच्या बागांची राखण, फवारणी, काढणी त्यांच्या जिवावर चालते; मासेमारीच्या नौकांवरही तेच खलाशी असतात. वानर हाकलत, रात्री बॅटरी घेऊन कलमांखाली फिरत ते आपला हापूस जपतात. आपण त्यांना 'गुरखे' म्हणतो आणि समोर आला त्याला 'बहादूर' नाहीतर 'कांचा' अशी हाक मारतो. त्यांच्या भाषेत कान्छा म्हणजे धाकटा. पन्नाशीच्या माणसालाही आपण तेच म्हणतो. मी माझ्या ओळखीच्या पाच बागायतदारांना विचारलं. दोघांनाच आपल्या गड्याचं पूर्ण नाव सांगता आलं. कलमांची संख्या मात्र पाचही जणांना तोंडपाठ होती. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून केपटाऊनला गेलेल्या कोकणी मुसलमानांनी हीच वागणूक सोसली. 1950 च्या कायद्याने तिथे रंगावरून वस्त्या वाटल्या. ती गोष्ट आपण अन्याय म्हणून सांगतो. मग आपल्या पडवीत घडतं त्याला वेगळं नाव का?

बाजाराने ही मनोवृत्ती नेमकी ओळखली. 1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली आणि खेड्यापाड्यातल्या टपरीवर छोट्या पाकिटात पोचली. 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर जगभर संताप उसळला, तेव्हा तिच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगाची चाळणी काढून टाकली. संकेतस्थळावरची चाळणी गेली, आपल्या डोक्यातली राहिली. तिची किंमत शरीरालाही मोजावी लागते. गोरं करण्याचं वचन देणाऱ्या कितीतरी बेनामी क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतलं मेलॅनिन तयार होऊ देत नाही आणि शरीरात उतरून मूत्रपिंडं बिघडवतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एकाच घरातल्या तिघींवर ही वेळ आली. भर उन्हाच्या देशात मेलॅनिन हे निसर्गाने दिलेलं संरक्षण आहे आणि आपण ते पुसायला विष विकत घेतो.

पत्रिकेच्या 36 गुणांतही 'वर्ण' नावाचं एक कूट आहे. त्याचा कातडीच्या रंगाशी काही संबंध नाही आणि त्याला गुण आहे फक्त 1. बायोडेटातला वर्ण मात्र आपण पत्रिकेच्याही आधी विचारतो.

मी पुतणीचा बायोडेटा पुन्हा केला. तो रकाना काढून टाकला. वहिनी घाबरल्या, म्हणाल्या, "भावोजी, लोक मुद्दाम विचारतील." विचारतात, आणि जे विचारतात त्यांना आम्ही सांगतो की मुलगी सावळी आहे. 'पण' लावत नाही. दोन स्थळं त्यावर परत गेली. ती गेली याचं तिला दुःख नाही आणि आता मलाही नाही.

वाचकहो, तुमच्या घरात लग्नाचं मूल असेल तर त्याचा बायोडेटा आज काढा आणि तो रकाना खोडा, मुलीचाही आणि मुलाचाही. बागेत राखणदार असेल तर त्याला त्याचं नाव विचारा आणि उद्यापासून त्याच नावाने हाक मारा. एवढं झालं की सिडनीच्या प्रेक्षकांना जाब विचारायचा अधिकार आपला.