ध्रुवीय करारांतील शब्दांची किंमत

अंटार्क्टिकावरील खाणकामाची बंदी २०४८ मध्ये संपणार, असे विधान राजधानीतील चर्चांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत अधूनमधून डोकावते. त्या वर्षी बर्फाखालच्या खनिजांसाठी महासत्तांची झुंबड उडेल, हा निष्कर्षही मग ओघाने येतो. ज्या दस्तऐवजाच्या आधारे हे सांगितले जाते, त्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलमध्ये मात्र बंदीची मुदत संपण्याचा उल्लेख कोठेही नाही. तेथील शब्द 'रिव्ह्यू', म्हणजे आढावा, असा आहे. मुदत आणि आढावा यांतील फरक केवळ भाषेचा नाही. ध्रुवीय प्रदेशांचे राजकारण मुख्यत्वे अशा शब्दांवरच उभे असून मसुदे इंग्रजीत वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांचा कोशातील अर्थ पुरत नाही.

'क्लेम' हा त्यातील पहिला शब्द. मराठीत त्याला दावा म्हणतात आणि दावा म्हटला की न्यायालय व निकाल गृहीत धरले जातात. अंटार्क्टिकात दावे आहेत, पण निकाल देणारा कोणी नाही. ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना या सात देशांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खंडाचे भाग आपले म्हणून जाहीर केले. ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे दावे तर काही भागांत एकमेकांवर चढलेले आहेत. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टन येथे स्वाक्षरी केलेल्या कराराच्या चौथ्या कलमाने हा गुंता सोडवला नाही. तो बाजूला ठेवला. करारामुळे कोणी जुना दावा सोडला असे समजू नये, इतरांनी तो मान्य केला असेही समजू नये आणि करार अमलात असेपर्यंत नवा दावा वा जुन्याचा विस्तार करू नये, असा त्या कलमाचा आशय आहे. दावे 'गोठवले' असे सर्रास म्हटले जाते. कलमात तो शब्द नाही. अमेरिका आणि रशिया यांनी दावा केलेला नाही. पण दाव्याचा आधार आपल्यापाशी आहे, ही भूमिका कायम ठेवली आहे.

भारताच्या दृष्टीने या शब्दरचनेचे मोल मोठे आहे. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्यातून निघाली. आजही वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमांचा कारभार पाहते. १९८९ मध्ये सुरू झालेले 'मैत्री' केंद्र नॉर्वेने दावा सांगितलेल्या भागात आहे, तर २०१२ मधील 'भारती' ऑस्ट्रेलियाने दावा सांगितलेल्या भागात. दोन्ही केंद्रांसाठी भारताला त्या देशांचा परवाना लागला नाही. महसुली भाषेत सांगायचे तर येथे वहिवाट आहे, मालकी नाही आणि कितीही वर्षांच्या वहिवाटीतून मालकी निर्माण होत नाही. संसदेने २०२२ मध्ये संमत केलेला भारतीय अंटार्क्टिका कायदाही हीच मर्यादा पाळतो. भारतीय मोहिमांना परवान्याच्या चौकटीत बांधताना तो भूमीवर हक्क सांगत नाही.

दुसरा फसवा शब्द 'कन्सल्टेटिव्ह'. त्याचे 'सल्लागार' असे भाषांतर केले की, ज्याचा सल्ला घ्यावा वा न घ्यावा, असा दुय्यम सदस्य डोळ्यांपुढे येतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अंटार्क्टिका करारात निर्णयाचा अधिकार आहे तो याच २९ देशांना आणि त्यांचे निर्णय सर्वसहमतीने होतात. म्हणजे एकाचाही विरोध पुरेसा ठरतो. १९५६ आणि १९५८ मध्ये भारताने अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेण्याचा प्रयत्न केला होता. तो तडीस गेला नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याला हा दर्जा मिळाला. बाहेरून प्रश्न विचारणारा देश आत निर्णय घेणारा झाला. या दर्जाची किंमत मे २०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या बैठकीत दिसली. कॅनडा आणि बेलारूस यांनी तो मागितला होता. सहमतीअभावी दोघांनाही थांबावे लागले.

उत्तर ध्रुवाकडे वळताच शब्दसंग्रह बदलतो, कारण तेथे खंड नाही, महासागर आहे आणि समुद्रकायद्याचा १९८२ चा करार तेथे लागू होतो. ऑगस्ट २००७ मध्ये रशियाच्या पाणबुड्यांनी सुमारे ४२०० मीटर खोल समुद्रतळावर राष्ट्रध्वज रोवला, तेव्हा रशियाने ध्रुव घेतल्याचा गवगवा झाला. कायद्याच्या लेखी त्या ध्वजाला काहीच अर्थ नव्हता. किनारी देशाला भूखंडमंचावर मिळतात ते 'सॉव्हरिन राइट्स', म्हणजे तळातील साधनसंपत्ती शोधण्याचे व वापरण्याचे अधिकार; 'सॉव्हरिन्टी', म्हणजे सार्वभौमत्व, नव्हे. दोनशे सागरी मैलांपलीकडचे वरचे पाणी सर्वांना खुले राहते. त्या अंतरापलीकडील मंचाच्या सीमेसाठी देश संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे शास्त्रीय पुरावे सादर करतात. आयोग शिफारशी करतो. दोन देशांतील वाद मिटवणे त्याच्या कक्षेत येत नाही. रशिया, डेन्मार्क आणि कॅनडा यांनी मांडलेली क्षेत्रे ध्रुवाजवळ एकमेकांवर येतात. तो तिढा त्यांनाच वाटाघाटींनी सोडवावा लागेल.

मे २०१३ मध्ये भारत आर्क्टिक परिषदेचा 'ऑब्झर्व्हर', म्हणजे निरीक्षक झाला. या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दाला एक अट जोडलेली आहे. निरीक्षकाने आठ आर्क्टिक देशांचे त्या प्रदेशातील सार्वभौमत्व, सार्वभौम अधिकार आणि अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. दक्षिणेत कोणाचाही दावा मान्य न करता बसलेल्या भारताने उत्तरेत ही मान्यता देऊन प्रवेश घेतला. यात विसंगती आहे असे वाटेल. प्रत्यक्षात दोन ध्रुवांच्या दोन कायद्यांचा तो परिणाम आहे. २००८ मध्ये स्वालबार येथे 'हिमाद्री' केंद्र उघडतानाही १९२० चा करार जमेस होता. ब्रिटिश अमदानीत भारताच्या वतीनेही स्वाक्षरी झालेल्या त्या कराराने नॉर्वेला सार्वभौमत्व दिले आणि अन्य सदस्य देशांच्या नागरिकांना मासेमारी, खाणकाम आदी बाबतींत समान वागणूक दिली.

आता पुन्हा २०४८. माद्रिद प्रोटोकॉल जानेवारी १९९८ मध्ये अमलात आला. त्यानंतर पन्नास वर्षे उलटल्यावर निर्णयाधिकारी देशांपैकी कोणीही आढावा परिषद मागू शकतो. कोणी मागितली नाही, तर बंदी तशीच चालू राहते. परिषद भरली आणि दुरुस्ती संमत झाली, तरी ती अमलात येण्यासाठी निर्णयाधिकारी देशांपैकी तीन चतुर्थांशांची मान्यता लागते आणि त्यांत १९९१ मध्ये हा दर्जा असलेल्या सर्व २६ देशांचा समावेश असावा लागतो. खाणकामाचे नियमन करणारी बंधनकारक व्यवस्था असल्याखेरीज बंदी उठवताही येत नाही. बंदीविषयक दुरुस्ती तीन वर्षांत अमलात आली नाही, तर बाहेर पडण्याची वाट देशांना ठेवलेली आहे. खरा धोका तेथे आहे. दिनदर्शिकेतील एखाद्या तारखेत नाही.

त्या २६ देशांत भारत आहे. म्हणजेच भारताच्या मान्यतेवाचून अशी दुरुस्ती अमलात येऊ शकत नाही. 'बंदी संपणार' असे मानून चालणारा अधिकारी खनिजांच्या शर्यतीची तयारी सुचवेल. 'आढावा होऊ शकतो' हे जाणणारा मात्र परराष्ट्र आणि भूविज्ञान मंत्रालयांना वेगळाच प्रश्न विचारेल: हातात असलेला हा नकाराधिकार भारत कोणत्या बाजूने आणि कोणाच्या साथीने वापरणार? त्याचे उत्तर तयार करण्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ हाती आहे.