तुळस वाळली म्हणून सुनेला बोल कशाला?

माझी मावसबहीण लग्न होऊन आदिलाबादला गेली. यवतमाळकडून पैनगंगा ओलांडली की हा जिल्हा सुरू होतो. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. त्यामुळे आज तेलंगणात असला तरी तिथल्या कितीतरी घरांत मराठीच बोलली जाते. सासर चांगलं, माणसं प्रेमळ. दुखणं एकच, तिच्या हातची तुळस जगेना. दोन वर्षांत दोन रोपं गेली, तेव्हा सासूबाई शेजारणीपाशी म्हणाल्या, "सुनेच्या हाताला गुण नाही." ते नेमकं हिच्या कानावर आलं.

मे महिन्यात मी गेलो तेव्हा तिसरं रोप माना टाकून उभं होतं. बिचारी दिवसातून दोनदा पाणी घालत होती. मी तिला माझ्यासमोर तांब्याभर पाणी घालायला सांगितलं. ते क्षणात कुंडीच्या बुडातून बाहेर आलं. कचेरीत फाईल वाचल्याशिवाय शेरा मारता येत नाही, म्हणून मी कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर काढलं. मातीचा गोळा आतून दगडासारखा कोरडा!

तिथली माती काळी, कापसाची. ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. सुकली की आकसते, भेगाळते, कुंडीच्या कडा सोडते. मग पाणी त्या फटीतून निघून जातं, मुळांना थेंब मिळत नाही. आधीची दोन रोपं कधी गेली, असं विचारलं. दोन्ही पावसाळ्यात. खालची पानं पिवळी, खोड बुडाशी काळं, मातीला कुबट वास. म्हणजे ती मुळं कुजून गेली होती. झाड दोन्ही वेळा मान टाकतं, पण एकदा तहानेने आणि एकदा बुडून. माती दोन इंच उकरून पाहिल्याशिवाय यातला फरक कळत नाही.

आपल्या गोव्यात आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. जांभ्याच्या मातीत जास्तीचं पाणी झिरपून जातं, म्हणून ते खपतं. तीच सवय हिने काळ्या मातीत नेली. दोष हाताचा नव्हता, मातीचा होता.

उपाय साधेच केले. कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवली, म्हणजे माती खालून भिजली. गच्ची तापते म्हणून कुंडी विटांवर ठेवली आणि दुपारपुरता जुन्या लुगड्याचा आडोसा केला. मंजिऱ्या खुडल्या, कारण बी धरलं की तुळशीचा जोर त्यातच जातो. आजारी झाडाला खत मुळीच दिलं नाही. पावसाच्या तोंडावर माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन कुंडी नव्याने भरायला सांगितली, बुडाचं भोक मोकळं ठेवून.

तुळस वाळणं हा अपशकुन, असं आपल्याकडेही मानतात आणि बोट दाखवतात ते घरातल्या बाईकडेच. मला हे पटत नाही. तुळस मुळातच थोड्या वर्षांचं झाड. ती म्हातारी होते आणि जाते, म्हणून तर मंजिऱ्यांचं बी जपून ठेवायचं. व्हडल्या दिवाळीला आपण तिचं लग्न लावतो, तिला घरची लेक मानतो. लेक आजारी पडली तर आपण तिला काय दुखतं ते विचारतो, तिच्यावरून शकुन पाहत नाही.

त्या रोपाला महिन्याभराने नवी पालवी फुटली. परवा बहिणीचा फोन आला. सासूबाई आता स्वतः माती उकरून पाहतात आणि मगच पाणी घालायचं की नाही ते सांगतात. 'हाताच्या गुणा'बद्दल मात्र अजून कोणी काही बोललेलं नाही. ते बोलायला हवं होतं.