गाणं तुमचं, पण पत्ता कुणाचा?

नवं गाणं तयार झालं की हल्ली काय करायचं हे ठरलेलं असतं. इन्स्टाग्रामवर रील, यूट्यूबवर व्हिडिओ, आणि एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत स्पॉटिफाय, जिओसावनवर अपलोड. बायोमध्ये लिंक टाकली की काम झालं. मग स्वतःचा ब्लॉग किंवा वेबसाइट हवीच कशाला?

माझं मत सांगतो. गाणं लोकांपर्यंत पोचवायला ती नसली तरी चालेल, पण गाणं आणि ऐकणारे आपल्या हातात ठेवायला ती लागतेच. हे का म्हणतोय, ते चार घटनांवरून कळेल.

आधी काय काय घडलंय?

२००३ मध्ये मायस्पेस सुरू झालं. तिथं एचटीएमएल आणि सीएसएस वापरून आपलं पान हवं तसं सजवता यायचं आणि गाणीही टाकता यायची. जगभरातल्या हजारो बँड्सनी तिथंच आपलं घर थाटलं. मार्च २०१९ मध्ये बातमी आली, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात अपलोड झालेलं संगीत गेलं. आकडा होता सुमारे ५ कोटी गाण्यांचा. इंटरनेट अर्काइव्हला त्यातली साडेचार लाखांच्या आसपास गाणी मिळाली. ज्यांच्याकडे मूळ फाइल नव्हती, त्यातल्या बहुतेकांचं गाणं कायमचं गेलं.

दुसरी घटना आपल्याकडची. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. बंदीची कारणं वेगळी होती, पण गावोगावच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरापोरींसाठी परिणाम एकच झाला: जमवलेले फॉलोअर्स एका झटक्यात तुटले. त्यांच्यापर्यंत परत पोचायला ना नंबर होता, ना ईमेल.

तिसरी बँडकॅम्पची. इथं कलाकार आपलं गाणं थेट विकू शकतो. मार्च २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सनं ते विकत घेतलं आणि २०२३ मध्ये सॉन्गट्रेडर या कंपनीला विकून टाकलं. या व्यवहारात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. साइट आजही चालू आहे. पण मालक दोनदा बदलला, तेव्हा निर्णय कलाकारांच्या हातात नव्हता.

चौथी स्पॉटिफायची. २०२४ पासून तिथला नियम असा आहे, की ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम मिळाले नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. नवख्या कलाकाराला याचा फटका सगळ्यात आधी बसतो.

यातली एकही गोष्ट कलाकाराच्या चुकीमुळे झालेली नाही. दुसऱ्याच्या जागेत दुकान मांडलं, की नियमही त्याचेच असतात.

मग ‘आपलं’ म्हणजे नेमकं काय?

माझ्या हिशोबानं तीन गोष्टी: मूळ फाइल, स्वतःचं डोमेन आणि ऐकणाऱ्यांची यादी.

मूळ फाइल म्हणजे वेव्ह किंवा फ्लॅक. साध्या सीडी दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. ५ मिनिटांचं गाणं झालं ५० एमबी. एक कॉपी हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवा. व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवलेलं गाणं म्हणजे बॅकअप नव्हे.

डोमेन म्हणजे तुमचा पत्ता. आज ब्लॉग एका कंपनीच्या सर्व्हरवर असला आणि उद्या दुसरीकडे हलवला, तरी पत्ता तोच राहतो. फक्त वर्षाची फी चुकवू नका, नाहीतर डोमेन दुसरा कुणीतरी घेऊन जाईल.

यादी म्हणजे ईमेलची. ज्याला नवं गाणं हवंय, तो स्वतःहून ईमेल देतो. ही यादी डाउनलोड करून दुसरीकडे नेता येते. इन्स्टाचे फॉलोअर्स असे नेता येत नाहीत.

ब्लॉग सजवताना

तुमचं पान बहुतेक लोक मोबाइलवरच, मोबाइल डेटावर उघडणार आहेत. त्यामुळे आधी प्ले बटण, मग बाकीची सजावट. वर्डप्रेसमध्ये ऑडिओ ब्लॉक आयताच मिळतो. त्यात प्रीलोडची सेटिंग ‘नन’ ठेवा, म्हणजे प्ले दाबेपर्यंत गाणं डाउनलोड होत नाही आणि समोरच्याचा डेटा वाचतो.

ऐकण्यासाठी १२८ केबीपीएसची एमपी३ ठेवली तर ५ मिनिटांचं गाणं ५ एमबीच्या आत बसतं. १००० जणांनी ऐकलं तर साधारण ५ जीबी डेटा जातो. होस्टिंग घेताना हा हिशोब करून बघा. पान उघडताच आपोआप गाणं वाजवायचा हट्ट सोडा. मोबाइलवरचे ब्राउझर आवाजासकट ऑटोप्ले बहुधा अडवतातच.

पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर लावता येतो. ५० रुपये पाठवले तर ५० च्या ५० तुम्हाला मिळतात. पण ज्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबर आहे तो जाहीर पानावर टाकू नका; वेगळा आयडी बनवा.

कव्हर गाण्याचं काय?

स्वतःची साइट म्हणजे स्वतःची जबाबदारी. समजा, तुम्ही तुकोबांचा अभंग गायलात. शब्द सतराव्या शतकातले, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण चाल ‘अभंग तुकयाचे’मधली असेल, तर ती श्रीनिवास खळे यांची आहे. आपल्या कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो आणि खळे २०११ मध्ये गेले. म्हणजे परवानगी लागणार. चाल तुमची स्वतःची असेल, तर प्रश्नच नाही.

ॲप सोडायचं का?

अजिबात नाही. नुसत्या ब्लॉगवर कुणी आपणहून येत नाही, हे मान्य करायलाच हवं. नवा माणूस तुम्हाला रीलमधूनच सापडणार. म्हणून रील टाका, यूट्यूबवरही राहा, पण बायोमधली पहिली लिंक तुमच्या डोमेनची असू द्या. नव्या गाण्याची बातमी आधी ईमेल यादीला जाऊ द्या.

आणि हे सगळं आज जमणार नसेल, तर निदान एक करा. तुमच्या गाण्यांच्या मूळ फाइल कुठे आहेत ते शोधा. फोन बदलताना त्या गेल्या असतील, तर ज्यानं रेकॉर्डिंग केलं त्याला आजच फोन लावा.