परातीला पोकलेनचा कायदा कशाला?

रील पाहून नदीवर परात घेऊन सोनं शोधायला निघालेल्या पोट्ट्यांनो, जरा थांबा.

आपल्या बुटीबोरीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात सोनं शोधून हाती काही लागत नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोन्याच्या खुणा सापडल्या त्या पूर्वेला, भंडाऱ्याकडच्या साकोली पट्ट्यातल्या जुन्या खडकांत.

अन् तिथंही असंच जाता येत नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात हौशी माणसासाठी वेगळा परवानाच नाही. विनापरवाना खनिज शोधलं-काढलं तर ५ वर्षांपर्यंत कैद. जो कायदा पोकलेनला, तोच परातीला!

याचा खरा मार छंदवाल्यांना नाही, सोनझाऱ्यांना आहे. बालाघाटच्या नद्यांत रेती धुऊन सोनं काढणाऱ्या या समाजाची नोंद रसेल-हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आहे. पिढीजात हुन्नर, पण कागद नाही.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हौशी परवाना १० वर्षं चालतो. आपल्याकडे का नाही? यंत्राशिवाय, हातानं शोधणाऱ्यांना परवाना द्या. पहिला हक्क सोनझाऱ्यांचा. खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरातच आहे, खासदारांनी हा विषय दिल्लीत मांडावा.

तोवर पोट्टेहो, 'भूकोश' पोर्टलवर नकाशे पाहा, खडक ओळखायला शिका. सुरुवात तिथूनच होते.

तुम्हाला काय वाटते? कमेंटमध्ये सांगा.